व्यापारतोल आणि व्यवहारतोल : तूट भरतो कोण?

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास केंद्रीय वाणिज्य मंत्रालय आदल्या महिन्याच्या आयात-निर्यातीचे आकडे जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी 'व्यापारतूट वाढली' किंवा 'व्यापारतूट घटली' असा मथळा वर्तमानपत्रांत झळकतो. रिझर्व्ह बँकही दर तीन महिन्यांनी एक तक्ता प्रसिद्ध करते. तो लांबलचक, रुक्ष असतो आणि त्याची बातमी बहुधा आतल्या पानावर आटोपते. पहिला तक्ता व्यापारतोलाचा, दुसरा व्यवहारतोलाचा. परदेशांशी आपला आर्थिक व्यवहार नेमका कसा चालला आहे हे कळायचे असेल, तर दुसरा वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. आपली सार्वजनिक चर्चा मात्र वर्षानुवर्षे पहिल्यापाशीच अडकलेली आहे, आणि त्यामुळे आपण चुकीच्या गोष्टीला घाबरतो व खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवतो.

२०२४-२५ या आर्थिक वर्षाचेच पाहा. भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला आणि ७२० अब्ज डॉलरचा आयात केला. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबपद्धतीनुसार मालाच्या व्यापारातील तूट २८७ अब्ज डॉलर भरली. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे. पण त्याच वर्षी चालू खात्यावरील तूट होती फक्त २३ अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६ टक्के. मधले २६४ अब्ज डॉलर कुठून आले?

व्यापारतोल मोजतो तो फक्त माल. बंदरातून, विमानतळावरून, सीमेवरच्या नाक्यावरून गेलेली आणि आलेली वस्तू. कच्चे तेल, सोने, मोबाइलचे सुटे भाग, औषधे, द्राक्षे, हिरे. निर्यातीतून आयात वजा केली की व्यापारतोल हाती येतो. जकात खात्याकडे प्रत्येक खेपेची नोंद असल्याने हे आकडे लवकर मिळतात आणि म्हणून दर महिन्याला जाहीर करता येतात. मथळ्यांवर त्यांचाच पगडा का, याचे निम्मे उत्तर या सोयीत आहे.

व्यवहारतोलात भारतात राहणारे आणि बाहेर राहणारे यांच्यातला प्रत्येक आर्थिक व्यवहार येतो. त्याचा पहिला भाग म्हणजे चालू खाते. मालाचा व्यापार ही त्याची केवळ एक ओळ. पुढच्या ओळी सेवांच्या : पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांनी परदेशी ग्राहकांसाठी केलेले सॉफ्टवेअरचे काम, जहाजांचे भाडे, विमा, पर्यटकांचा खर्च. त्यानंतर परकीय कर्जावरचे व्याज, गुंतवणुकीवरचा लाभांश आणि नफा. शेवटी परदेशातील आपल्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा. दुसरा भाग भांडवली व वित्तीय व्यवहारांचा. कारखाना काढायला आलेले परकीय भांडवल, शेअर बाजारात आलेला आणि निघून जाणारा पैसा, कंपन्यांनी बाहेरून काढलेली कर्जे, अनिवासी भारतीयांच्या ठेवी हे सारे तिथे नोंदले जाते. या सगळ्याची गोळाबेरीज करून जे उरते किंवा कमी पडते, ते रिझर्व्ह बँकेच्या परकीय गंगाजळीत जमा होते किंवा तिच्यातून जाते.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर बरेच काही अवलंबून आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाने आईच्या घरखर्चासाठी पाठवलेला पैसा चालू खात्यात येतो. तो आला की आला, परत द्यायचा नाही. त्याच मुलाने तेवढेच डॉलर भारतीय बँकेत परकीय चलनातील ठेव म्हणून ठेवले, तर ते भांडवली बाजूला येतात, कारण ती रक्कम आज ना उद्या व्याजासकट परत करायची आहे. बँकेच्या खिडकीत दोन्ही डॉलर सारखेच दिसतात. देशाच्या दृष्टीने एक कमाई आहे आणि दुसरे देणे.

व्यवहारतोल दुहेरी नोंदीने लिहिला जातो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू नेहमीच जुळतात. नाशिकच्या निर्यातदाराने रॉटरडॅमला द्राक्षे पाठवली की एका बाजूला निर्यात आणि दुसऱ्या बाजूला भारतीय बँकेकडे वाढलेले युरो, अशा दोन नोंदी होतात. ज्याचा हिशेब लागत नाही ते 'चुका आणि वगळलेल्या बाबी' या ओळीत घालून बेरीज शून्य केली जाते. म्हणूनच व्यवहारतोल जुळतो की नाही हा प्रश्न निरर्थक आहे. तो संकटात सापडलेल्या श्रीलंकेचाही जुळला, थायलंडचाही जुळला. प्रश्न एवढाच की तो कशाने जुळला : कमाईने, टिकाऊ भांडवलाने, उद्या परत मागितल्या जाणाऱ्या उसनवारीने, की गंगाजळी उपसून.

हे समजायला महाराष्ट्राला पुस्तकाची गरज नाही. कित्येक पिढ्या कोकणातले गाव तांदळापासून कापडापर्यंत बहुतेक गोष्टी बाहेरून आणत होते आणि बाहेर पाठवायला त्याच्याकडे आंबा, काजू, मासळी यांपलीकडे फारसे नव्हते. गावाचा व्यापार कायम तुटीत. तरी घरे चालली, पोरे शिकली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, कारण गिरणगावातून मनिऑर्डर येत होती. त्या गावाने आपली माणसे बाहेर पाठवली होती, आणि ती कमाई व्यापाराच्या कोणत्याही तक्त्यात दिसली नसती. १९८२चा गिरणी संप लांबला तेव्हा गावातले आंब्याचे पीक कमी झाले नव्हते. मनिऑर्डर थांबली होती, आणि हाल झाले ते त्यामुळे.

याच्या नेमके उलटे चित्र वसाहतीच्या काळातील हिंदुस्थानात दिसते, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवणारा धडा तोच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा वर्षामागून वर्षे जास्त होती. वऱ्हाडचा कापूस, बंगालचा ताग, पंजाबचा गहू, आसामचा चहा बाहेर जात होता. व्यापारतोल भक्कम शिलकीचा. आजच्या मथळ्यांच्या मापाने तो सुवर्णकाळ म्हणावा लागेल. प्रत्यक्षात तो दुष्काळांचा काळ होता.

ही शिलक जात होती कुठे? ज्यांना 'होम चार्जेस' म्हणत त्या खर्चात : इंग्रज अधिकाऱ्यांचे निवृत्तिवेतन, रेल्वेसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च, लष्करी सामग्री. तो पैसा पोहोचवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. लंडनमधला भारतमंत्री 'कौन्सिल बिल' नावाच्या हुंड्या विकत असे. हिंदुस्थानातून कापूस घ्यायचा असलेला इंग्रज व्यापारी लंडनमध्ये पौंड भरून ती हुंडी घेई आणि मुंबईला किंवा कलकत्त्याला पाठवी. तिथे सरकारी तिजोरीतून तिचे रुपये मिळत आणि त्या रुपयांनी शेतकऱ्याचा माल विकत घेतला जाई. ते रुपये मुळात याच शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्याचे व करांचे होते. म्हणजे मालाच्या बदल्यात यायचे पौंड लंडनमध्येच राहत आणि शेतकऱ्याला त्याच्या कापसाची किंमत त्याच्याच करातून मिळे. व्यापाराच्या तक्त्यात शिलक दिसते. पूर्ण व्यवहाराचा तक्ता मांडला की लूट दिसते.

दादाभाई नौरोजींनी २ मे १८६७ रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात हा हिशेब मांडायला सुरुवात केली आणि १९०१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तो विस्ताराने आला. निर्यात आयातीपेक्षा जास्त म्हणजे देश श्रीमंत होतो, हे तेव्हाचे सरकारी म्हणणे त्यांनी आकड्यांनी खोडले. आपल्याकडे हा विचार त्यांच्याही आधी सुरू झाला होता. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये लिहिलेली पत्रे आणि १८४३चे रामकृष्ण विश्वनाथ यांचे मराठी पुस्तक यांत हिंदुस्थानातून वाहून जाणाऱ्या संपत्तीची चर्चा आहे. न्यायमूर्ती रानडे यांचा सूर थोडा वेगळा होता. १८९०मध्ये पुण्यातल्या औद्योगिक परिषदेत त्यांनी बजावले की या खंडणीकडे बोट दाखवत हातावर हात ठेवून बसणे योग्य नाही, उद्योग उभारावे लागतील. मला दोघांचेही म्हणणे पटते. दादाभाईंनी रोग कुठे आहे ते दाखवले, रानडे यांनी आपल्या हाती काय आहे ते सांगितले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मालाच्या व्यापारात भारताला शिलक दिसली ती फक्त दोन वर्षे, १९७२-७३ आणि १९७६-७७. बाकी सगळी वर्षे तुटीची. पण २००१-०२ ते २००३-०४ अशी सलग तीन वर्षे, आणि पुन्हा २०२०-२१मध्ये, व्यापार तुटीत असूनही चालू खाते शिलकीत होते. व्यापारतूट म्हणजे संकट हे समीकरण खरे असते, तर हा देश सत्तर वर्षे अखंड संकटात असायला हवा होता.

खरे संकट आले ते १९९१ साली, आणि ते व्यापाराच्या तक्त्यात शोधू गेल्यास सापडत नाही. १९९०-९१मध्ये व्यापारतूट सुमारे ९.४ अब्ज डॉलर होती आणि चालू खात्यावरील तूट ९.७ अब्ज. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दहा वर्षांपूर्वी, १९८०-८१मध्ये, सेवा आणि परदेशस्थांचा पैसा मिळून निव्वळ पाच अब्ज डॉलर येत होते आणि तुटीचा मोठा भाग तिथेच भरून निघत होता. १९९०-९१पर्यंत ही बाजू शून्याच्याही किंचित खाली गेली, कारण ऐंशीच्या दशकात काढलेल्या कर्जांचे व्याज येणारा पैसा गिळून टाकत होते. तूट भरायला उरली ती कर्जे आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेल भडकले, व्यापारतूट वाढली; पण घाव फक्त तिथे बसला नाही. कुवेत आणि इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत केरळचे होते, गोव्याचे होते, कोकणातले होते. त्यांच्याकडून घरी येणारा पैसा बंद झाला. देशाची पत घसरताच परदेशी बँकांनी अल्पमुदतीची कर्जे पुढे चालवायला नकार दिला आणि अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेऊ लागले. १९९१च्या उन्हाळ्यात गंगाजळी १.१ अब्ज डॉलरवर आली, म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात. तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेकडे पोहोचले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे आणखी सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे गेले आणि त्यावर ४० कोटी डॉलर मिळाले. १ आणि ३ जुलैला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. पुढे डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३मध्ये याच विषयावर अहवाल दिला. अल्पमुदतीच्या कर्जांना आवर घाला आणि देणे निर्माण न करणाऱ्या भांडवलाला प्राधान्य द्या, ही त्यातली भूमिका पुढच्या तीस वर्षांच्या धोरणाचा पाया ठरली. त्या मानाने कमी चर्चा झालेला हा दस्तऐवज आहे, आणि १९९१च्या अर्थसंकल्पाइतकेच त्याचे मोल आहे असे मी मानतो.

दुसरा इशारा २०१३चा. २०१२-१३मध्ये चालू खात्यावरील तूट ८८ अब्ज डॉलरवर, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती. त्याच वर्षी सुमारे ५४ अब्ज डॉलरचे सोने देशात आले. महागाई बँकेच्या व्याजाला खाऊन टाकत होती आणि लोक सोन्याकडे वळले होते; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ही तूट शेअर आणि रोखे बाजारातल्या परकीय पैशाने भरली जात होती, तोवर कुणाला फारशी चिंता वाटली नाही. मे २०१३मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदी आवरण्याचे संकेत दिले, तो पैसा परत निघाला आणि ऑगस्टअखेर रुपया डॉलरला ६८च्या पुढे घसरला. सोन्यावरचे आयातशुल्क १० टक्क्यांवर नेले गेले. रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि बँकांची परदेशी कर्जे यांसाठी सवलतीची खिडकी उघडून ३४ अब्ज डॉलर उभे केले. वेळ निभावली, पण उसन्या पैशावर.

बाहेरच्या देशांचे अनुभवही हेच सांगतात. जपानला अलीकडे अनेक वर्षे मालाच्या व्यापारात तूट येते, तरी त्याचे चालू खाते शिलकीत आहे, कारण जपानी कंपन्यांनी जगभर केलेल्या गुंतवणुकीवरचा नफा घरी येतो. आयर्लंडची निर्यात प्रचंड आहे, पण तिथल्या परदेशी कंपन्यांचा नफा देशाबाहेर जातो. थायलंडने १९९७पूर्वी मोठी तूट अल्पमुदतीच्या परकीय कर्जांनी भरली आणि २ जुलै १९९७ रोजी त्याला आपले चलन मोकळे सोडावे लागले. श्रीलंकेचे पर्यटन कोरोनाकाळात थांबले, परदेशी कामगारांचा पैसाही आटला आणि एप्रिल २०२२मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचे त्या देशाने जाहीर केले.

एका देशाशी असलेला व्यापारतोल ही तर याहून फसवी गोष्ट. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जाहीर केलेले आयातशुल्काचे दर अशाच आकड्यांवर बेतले होते. एखाद्या देशाशी मालाच्या व्यापारात येणारी अमेरिकेची तूट घ्यायची, तिला त्या देशाकडून होणाऱ्या आयातीने भागायचे आणि उत्तराचे निम्मे करायचे. भारताच्या वाट्याला २६ टक्के आले. या हिशेबात सेवा कुठेच नव्हत्या. आपली मुले अमेरिकी विद्यापीठांत भरतात ती फी ही अमेरिकेची सेवा-निर्यात आहे. तीही त्यात नव्हती. चीनशी असलेली आपली तूट (२०२४-२५मध्ये सुमारे ९९ अब्ज डॉलर) हीच चूक आपल्याकडून करवून घेते. चीनशी तूट आणि अमेरिकेशी शिलक असणे यात मुळात वावगे काही नाही. चीनबाबतचा खरा प्रश्न औषधांचा कच्चा माल, सौरपट्ट्या, इलेक्ट्रॉनिक भाग, दुर्मीळ मृदाचुंबके अशा वस्तूंसाठी एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा आहे. तो गंभीर आहे, पण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. उद्या तीच तूट वीस देशांत विभागली गेली, तर व्यवहारतोलात एका डॉलरचाही फरक पडणार नाही. जोखीम मात्र खूप कमी होईल.

आता पुन्हा त्या २६४ अब्ज डॉलरकडे. त्यातला मोठा वाटा सेवांचा, निव्वळ १८९ अब्ज डॉलरच्या आसपास. दुसरा मोठा वाटा परदेशातील माणसांनी पाठवलेल्या पैशाचा. या दोन्हींतून परदेशी गुंतवणूकदारांना जाणारे व्याज व नफा वजा होतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४मध्ये परदेशातील माणसांनी पाठवलेल्या पैशातला २७.७ टक्के वाटा अमेरिकेतून आला, १९.२ टक्के संयुक्त अरब अमिरातीतून, आणि आखातातले सहा देश मिळून सुमारे ३८ टक्के. राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, २०.५ टक्के, केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा. रत्नागिरीचा वायरमन, गोव्याचा खलाशी, न्यू जर्सीतली पुणेकर अभियंता यांनी मिळून या देशाच्या तेलाच्या बिलाचा मोठा भाग चुकवला आहे.

भांडवली बाजू मात्र अशक्त झाली आहे. २०२४-२५मध्ये थेट परकीय गुंतवणुकीचा निव्वळ ओघ जेमतेम १ अब्ज डॉलर होता. भांडवल येत होते, पण जुने गुंतवणूकदार नफा वसूल करून बाहेर पडत होते आणि भारतीय कंपन्या बाहेर गुंतवत होत्या. ऑक्टोबर २०२४मधली ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची २७,८७० कोटी रुपयांची शेअरविक्री आठवा. सगळा पैसा कोरियातल्या मूळ कंपनीच्या हाती गेला. शेअर बाजारातून आलेला निव्वळ पैसाही त्या वर्षी आटला आणि गंगाजळीतून ५ अब्ज डॉलर काढावे लागले. तूट छोटी होती म्हणून ते जाणवले नाही. ती छोटी होती सेवांमुळे आणि परदेशातल्या माणसांमुळे.

म्हणून जपायचे काय, हे स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. रोखीने परदेशी पाठवल्या जाणाऱ्या पैशावर १ जानेवारी २०२६पासून एक टक्का कर बसवणारा कायदाही तिथे झाला आहे. हे घाव व्यापारतोलाच्या तक्त्यात कधीच दिसणार नाहीत. वाटाघाटींच्या टेबलावर कापड, कोळंबी, मोटारींचे सुटे भाग यांच्याइतकीच जागा कामगारांच्या व्हिसाला आणि सेवांना मिळायला हवी, कारण आपली तूट तिथून भरते.

महाराष्ट्राकडून एक साधी अपेक्षा आहे. केरळने १९९६मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी सरकारचे स्वतंत्र खाते काढले, आणि १९९८पासून तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने किती माणसे कुठे जातात, काय कमावतात, परतल्यावर त्यांचे काय होते, याची घरोघर पाहणी वारंवार केली. देशात बाहेरून येणाऱ्या अशा पैशाचा पाचवा हिस्सा ज्या राज्यात येतो, त्याने आपल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या आणि इतर जिल्ह्यांतल्या माणसांची तशीच पाहणी नेमाने करावी आणि तिचे आकडे लोकांसमोर ठेवावेत.